मदत हवी आहे : नवरीच्या पोर्ट्रेटवर खरं मत द्या
मंडळी, नवरीचं पोर्ट्रेट काढलंय, ८५ एमएमची लेन्स, एफ १.८ (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं, फोकसचा पट्टा अरुंद), खिडकीचा उजेड एका बाजूने, मान वळलेली असल्याने जवळचा डोळा कडक शार्प आणि लांबचा सॉफ्ट आलाय, तर हे चालतं की तोंड थोडं बंद करून एफ २.८ ला जाऊ? नाकापलीकडची सावली पण जड वाटतेय, पण रिफ्लेक्टर (उजेड परत चेहऱ्यावर टाकणारा बोर्ड) लावला की चेहरा सपाट होईल असं वाटतं. 'एक नंबर', 'कडक' नकोय हो, त्यातून काही कळत नाही.

अजून एक, एका नवख्या पोराने त्याचे फोटो मला दाखवलेत, स्किन इतकी गुळगुळीत केलीये की गालावर पोअर्सच उरले नाहीत. नवरी खूश आहे म्हणतो (असेलही!), पण मग त्याला न दुखवता सांगायचं कसं?