रानात कोणाचं काय? शिकार, जंगल आणि जमिनीचे अनुभव

परवा एका लग्नात पंगतीतच वाद पेटला. एक जण म्हणाला, आदिवासींना शिकारीची मोकळीक दिली तर वर्षभरात ससासुद्धा उरणार नाही. दुसरा म्हणाला, मग आजवर जंगल राखलं कोणी, तुम्ही? दोघेही पुण्यात राहतात. जिलबी येईपर्यंत वाद रंगला, मग विरला.

म्हणून हा धागा. मतं भरपूर झाली, डोळ्यांदेखत घडलेलं लिहा. आधी कायद्याचं दोन ओळींत: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता यायची, ती सोय १९९१ च्या दुरुस्तीने गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलं, तेंदू, बांबू, मासे, चराई असे पुष्कळ हक्क मान्य केले, पण परंपरागत हक्कांची यादी करताना शिकार स्पष्ट शब्दांत वगळली.

माझा अनुभव किरकोळ आहे. लहानपणी आठवडी बाजारात पारधी बाई जाळीच्या टोपलीत लावे घेऊन बसायची. वडील जोडीनं घ्यायचे, घासाघीस करून. पुढे निवृत्तीनंतर हेच वडील पक्षी वाचवा म्हणून सह्या गोळा करत फिरले. दोन्ही वेळा मनापासून. त्यांना त्यात विसंगती कधी दिसली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

निवृत्त वनरक्षक, अमरावती

एकतीस वर्षं रानात काढली. पहिल्या वर्षांतली गोष्ट. होळीचे दिवस, रात्रीची गस्त. दोन कोरकू पोरं सापडली. एक कुत्रा, एक गुलेल, एक ससा. साहेब सोबत होते, पी.ओ.आर. म्हणजे गुन्ह्याचा पहिला अहवाल फाडला. ससा पंचनाम्यात गेला. केस नऊ वर्षं चालली. तारखेला ती पोरं पहाटे निघून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायची, मग एसटी. कोर्टाच्या आवारात दोघं उकिडवी बसलेली दिसायची. सुरुवातीला माझ्याकडे पाहायची नाहीत. शेवटी शेवटी मीच त्यांना चहा पाजत होतो. त्यांच्या आजानं परवान्याच्या काळात शिकारी साहेबांच्या शूटिंग ब्लॉकात, म्हणजे शिकारीला राखलेल्या रानात, हाका घातला होता, वाघ उठवून दिला होता, हे मला तिथंच कळलं. तेव्हा त्याला बक्षीस मिळालं होतं.

आता दुसरी बाजू. पाणवठ्याच्या वाटेवर मोटरसायकलच्या क्लच वायरचा फास लावलेला होता. लावणाऱ्याला डुक्कर पाहिजे असेल, अडकलं अस्वल. कमरेत वायर रुतलेली. रात्रभर त्यानं बुंध्याभोवती फिरून माती उकरली होती, गोल खळगा पडला होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा संपलेलं होतं. शेतातल्या कुंपणाला करंट सोडणारे तर वेगळेच, त्यात डुकराच्या जागी वाघही मरतो.

माझं दुःख एवढंच की गुलेलवाला आणि करंटवाला आमच्या रजिस्टरात एकाखाली एक यायचे. आणि करंटवाल्याला वकील चांगला असायचा.

फासेपारधी, अकोला-वाशीम पट्टा

वर लाव्याची टोपली वाचली. अशीच टोपली माझ्या आजीच्या डोक्यावर असायची.

आजोबा फासे घरीच वळायचे, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे. केस मांडीवर घेऊन तळव्यानं पुढं लोटायचा, त्यात दुसरा मिळवायचा. मांडीवरची लव पार झिजलेली होती. असे कितीतरी फास एका दोरीला बांधून त्याची माळ करायची, तितराच्या वाटेवर अंथरायची आणि झुडपाआड बसून तितराचा आवाज काढायचा. काळविटासाठी शिकवलेला बैल असायचा. त्याच्या आडोशानं चरत चरत गेल्यासारखं कळपाजवळ जायचं. गाभण मादी फासात आली की सोडायची, पिल्लूही सोडायचं. त्यात मोठेपणा कसला? पुढच्या साली खायचं काय, एवढाच हिशेब होता. आणि खरं लिहायचं तर नायलॉन आल्यावर, शहरातलं गिऱ्हाईक मोटार घेऊन दारात यायला लागल्यावर तो हिशेब आमच्यातल्याही काहींनी मोडला. ते झाकून मी हक्काचं बोलणार नाही.

गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ साली कागदावरून गेला. पण चोरी कुठंही होवो, पोलिसांची पहिली गाडी अजून आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, येते. शिकार सोडा म्हणणारे खूप आले. बरं, सोडली. पुढं? शेत नाही. गायरानावर दोन एकर नांगरलं की अतिक्रमण. आणि ते गायरान नांगरलं तर लाव्याचं, तितराचं गवत आम्हीच मोडलं म्हणायचं. म्हणजे शिकार केली तरी आम्हीच, शेती केली तरी आम्हीच.

सध्या मी माळावर पक्षी मोजायच्या कामाला जातो. हंगामी असतं, पैसे उशिरा येतात. एकदा सोबतच्या शिकलेल्या पोरानं विचारलं, इथं अंडी आहेत हे तुला कसं कळलं? आजी गवत कापायची तेव्हा अमुक जागी विळा थांबवायची. का थांबवते हे तिनं कधी सांगितलं नाही. मी तेवढ्या जागा बघून ठेवल्या.

शेतकरी, उत्तर सोलापूर

आम्ही आदिवासी नाही, पण जमिनीचं दुखणं तेच, म्हणून लिहितोय. १९७९ साली माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं. नकाशावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं आत. माळढोकाला एवढी जागा लागते का माहीत नाही, पण आमच्या चुलत्यांना पोरीच्या लग्नासाठी तीन एकर मुरमाड विकायचं होतं. गिऱ्हाईक तयार, इसार घेतलेला, पण जमीन अभयारण्यात म्हणून खरेदीखत काही होईना. इसार परत दिला, लग्न सावकाराच्या पैशावर झालं. पुढे २०१२ साली क्षेत्र कमी झालं, आमचं गाव सुटलं, पण तोवर चुलते गेले होते.

गंमत म्हणजे चुलत्यांना पक्ष्याचा राग नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाला माळावर नर गळ्याची पिशवी फुगवून उभा राहिला की आम्हा पोरांना ओढत न्यायचे दाखवायला. राग कागदाचा होता.

वारली, मुंबईतला एक पाडा

मुंबईत आदिवासी असतात का, हे मला कॉलेजात तीन वर्षं विचारलं गेलं. आमच्या पाड्यामागं बिबट्या फिरतो. वाघबारशीला आम्ही वाघोबाला पुजतो, नंतर रात्री कोंबड्या आत घेऊन दार लावतो. दोन्ही करावंच लागतं. शिकारीचं मला काही सांगता येणार नाही, आजोबा खेकडे धरायचे तेवढंच. पाड्यावर लाइटचा खांब यायला जी परवानगी लागते तिच्याबद्दल मात्र वेगळा धागा काढा.

जमशेदपूर, कारखान्यात नोकरी

मूळचा नागपूरचा, इथं अठरा वर्षं. शहराला लागूनच दलमा, हत्तींचं अभयारण्य. उन्हाळ्यात तिथं सेंदरा, म्हणजे परंपरेची सामूहिक शिकार, होतो. संथाळ, हो, मुंडा असे लोक धनुष्यबाण, भाले, ढोल घेऊन डोंगर चढतात. वनखातं नाके लावतं, जाळी आणि बंदुका काढून घेतं, म्हाताऱ्यांना भेटून विनवण्या करतं. मी आधी इथल्या पेपरातलं वाचून नाक मुरडायचो.

माझ्या शिफ्टमधल्या संथाळ सहकाऱ्यानं एकदा डब्याच्या वेळी समजावलं. शिकारीच्या मुक्कामावर रात्री लो-बीर बसते, त्यांची सगळ्यात वरची पंचायत. गावच्या माझीनं, म्हणजे गावप्रमुखानं, अन्याय केला तर त्याच्या विरुद्धची तक्रारही तिथं करता येते. म्हणजे प्राणी मिळो न मिळो, ती रात्र महत्त्वाची. मी विचारलं, मग बाण घरी ठेवून या, नुसती पंचायत भरवा. तो हसला. म्हणाला, तुमच्या कोर्टात वकील काळा कोट घरी ठेवून येतो का?

पटलं असं नाही. त्या डोंगरावरच्या भेकराला कोट काय आणि बाण काय. पण नाक मुरडणं बंद झालं.

कोरकू, मेळघाटातून उठलेल्या गावातला

आमचं गाव उठलं तेव्हा कुटुंबामागं १० लाखांचं पॅकेज होतं. अठरा पूर्ण झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरायचे. मला अकरा महिने कमी पडले. माझ्या बरोबरीच्या मित्राला पैसे मिळाले, मी बापाच्या नावात राहिलो. आम्ही सोबतच शाळेत गेलो होतो, त्याची जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं टाकली, माझीही अंदाजानंच.

खाली सपाटीवर आलो. दवाखाना जवळ आहे, पोरं शाळेत जातात, हे चांगलं झालं. खोटं कशाला बोलू. पण सरपण विकत, मोह नाही. इथल्या शेतकऱ्याच्या बांधावर आई एकदा सवयीनं भाजी खुडायला गेली, तर त्यानं चोर म्हटलं. त्या दिवसापासून ती बांधाला जात नाही.

शिकारीचं विचाराल तर माझ्या बापानंही केली नाही, फक्त आज्याच्या गोष्टी ऐकल्या. आमचं मागणं वेगळं आहे. मुठवा, आमचा गावदेव, जुन्या गावाच्या शिवेवरच राहिला. शेंदूर लावलेले दगड, ते उचलून आणता येत नाहीत, भूमका, आमचा पुजारी, म्हणतो चालत नाही. तिथं आता व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतला राखीव भाग, आहे. वर्षातून एकदा पूजेला जायला अर्ज करावा लागतो, किती माणसं, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. उन्हाळ्यात आत काडी पेटवायची नाही, वणव्याची भीती, ते बरोबरच आहे. म्हणून कोंबडा देवापुढं कापायचा आणि गेटच्या बाहेर येऊन शिजवायचा.

यंदा अर्जात लिहिलं, माणसं अकरा, कोंबडे दोन. मंजुरी आली सहा माणसांची. कोंबड्यांवर काही शेरा नव्हता.