ओट्यामागच्या भिंतीला काय लावावं? टाइल, ग्राउट आणि कडांबद्दल सल्ला हवाय

नवा_ओटा
स्वयंपाकघराचं काम काढलंय. ग्रॅनाइटचा ओटा बसून झाला, वरची कपाटं यायची आहेत. मधला डॅडो, म्हणजे टाइल लावायचा भिंतीचा पट्टा, अजून उघडाच आहे. जुन्या टाइल्स काढताना प्लास्टर जागोजागी निघालं, आणि एका टोकाला जुन्या ऑइलपेंटचा पट्टा राहिलाय. मनात ७५ × १५० मिमीच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स आहेत, पण शेगडीमागचे सांधे काळे पडतील अशी भीती जो तो घालतो. एकजण म्हणाला, सरळ काच लावा. मिस्त्री चांगला आहे, फक्त त्याला नेमकं काय सांगायचं ते आधी माझं ठरायला हवं.

ओळंबा
टाइल पसंत करण्याआधी भिंत पक्की करा. प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढं पाडून नव्याने भरून घ्या आणि ते नीट मुरू द्या, सुकू द्या. ऑइलपेंटवर लावलेलं ॲडेसिव्ह रंगाला चिकटतं, भिंतीला नाही. रंग सुटला की टाइलही सुटते. तो पट्टा खरवडून वर टाकी मारून घ्या, म्हणजे छिन्नीने टोचे पाडून खडबडीत करा. मग ॲल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला आडवी, उभी, तिरपी धरून बघा. पट्टीखालून उजेड दिसला की तिथे खळगा. कपाटाखाली एलईडी पट्टी लावणार असाल तर हे अजिबात टाळू नका. वरून पडणाऱ्या उजेडात चकचकीत टाइलची जराशी वर आलेली कडही सावली पाडते.

आता मुख्य गोष्ट. तुमची कपाटं अजून लागलेली नाहीत हे फार बरं आहे. समजा ओट्यापासून कपाटाच्या तळापर्यंत ६०० मिमी ठेवणार आहात. खाली ३ मिमी फट, सांधा २ मिमी, म्हणजे एक ओळ ७७ मिमीची. सात ओळी झाल्या की ५४२ होतात आणि वर ५८ मिमीची कापलेली पट्टी उरते, तीही ऐन नजरेसमोर. कपाट जेमतेम १७ मिमी वर घेतलं तर आठ ओळी अखंड बसतात. उंची वाढवायची नसेल तर भिंतीवर टाइल कपाटामागे थोडी वर जाऊ द्या, काप झाकला जाईल. फक्त हा हिशोब खोक्यावरच्या मापावर करू नका, हातात आलेली टाइल मोजा.

आडव्या दिशेलाही तेच. टाइल्स मध्ये स्पेसर (सांध्याएवढी फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे) घालून जमिनीवर मांडून बघा. टोकाला बोटभर रुंदीचा तुकडा येत असेल तर सुरुवात अर्ध्या टाइलने सरकवा. मोकळ्या कडेला टाइल कपाटाच्या कडेच्या रेषेतच थांबवा, आणि तिथली कड झाकणारी पट्टी टाइलच्या जाडीची आधीच आणून ठेवा, कारण ती टाइलच्या खाली अडकवावी लागते.

स्वच्छ_कोपरा
सांध्यांची भीती खरी आहे, पण सिमेंटच्या ग्राउटपुरती, म्हणजे सांध्यांत भरायच्या सिमेंटच्या मसाल्यापुरती. ते तेल शोषून घेतं. शेगडीमागे तरी इपॉक्सी (रेझिनचं) ग्राउटच घ्या. पांढऱ्याचा हट्ट सोडून फिकट करडा रंग घेतलात तर आणखी बरं. टाइलच्या उरलेल्या तुकड्यांवर लावून, वाळल्यावरचा रंग बघून मगच ठरवा.

मात्र इपॉक्सी लावणारा हात सवयीचा हवा. दोन घटक एकत्र केले की ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं. टाइलवर राहिलेला थर तेव्हाच ओल्या स्पंजने पुसायचा, पाणी वरचेवर बदलायचं. तो थर वाळला तर चकचकीत टाइलवर कायमचं धुकं दिसतं आणि काढताना जीव जातो. मिस्त्रीने हे आधी केलंय का, ते स्पष्ट विचारा. टाइल लावल्यावर ग्राउटची घाई नको. ॲडेसिव्हच्या पिशवीवर लिहिलेला वेळ, सहसा २४ तास, जाऊ द्या.

आडवी_रेघ
काचेचा विचारही करा, पुसायला तिच्याइतकं सोपं काही नाही. पण शेगडीमागे टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) काचच हवी, आणि ती एकदा टफन्ड झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणजे स्विचबोर्डांच्या जागा पक्क्या झाल्यावरच शेवटचं माप. तुमच्यासारख्या वाकड्यातिकड्या जुन्या भिंतीवर मी तरी टाइलच लावेन.

बोर्डांवरून आठवलं. टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून भिंत साधारण सेंटिमीटरभर पुढे येते. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, नाहीतर बोर्डाचा डबा आत राहतो आणि प्लेट नीट बसत नाही. टाइल्स १० टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते तपासून.

नवा_ओटा
खूप आभार. ओळंबादादा, ते कपाटाचं गणित लगेच सुताराला कळवतो. टाइलच घेतोय, ग्राउट करडं इपॉक्सी. एक शंका राहिली. मिस्त्री म्हणतो, ओटा आणि भिंत यांच्यातला सांधाही त्याच ग्राउटने भरून टाकू. चालेल?

ओळंबा
नको. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, कडक ग्राउट तिथे तडकतं आणि फटीतून पाणी आत जातं. ती ३ मिमीची फट त्याचसाठी ठेवायची. त्यात बुरशीरोधक सिलिकॉन भरा, ग्राउटच्याच रंगाचं. भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांतही तेच. फट कोरडी आणि स्वच्छ करा, वर-खाली मास्किंग टेप लावा, एका सलग ओघात सिलिकॉन सोडा, ओल्या बोटाने एकदाच दाबत न्या आणि ओलं असतानाच टेप ओढून काढा. त्यानंतर दिवसभर ओट्यावर पाणी पडू देऊ नका.