हृदयातलं भोक ७ मिमी, वजन ४.२ किलो: बाळसं धरेपर्यंत थांबायचं का?

उपकेंद्र_राजापूर
बाळ ४ महिन्यांचं, जन्मवजन २.८ किलो, आज ४.२. टूडी इको: पेरिमेम्ब्रेनस व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, झडपांजवळ भोक) ७ मिमी, ग्रेडियंट (दोन्ही कप्प्यांच्या दाबातला फरक) १८, हृदयाची डावी बाजू फुगलेली, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला. श्वास मिनिटाला ६४, पिताना कपाळावर घाम, चार घोट घेऊन सोडतं. फ्रुसेमाइड (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध) चालू आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी महिन्याभरात ऑपरेशन सांगितलंय. घरचे म्हणतात, आधी १० किलो होऊ दे, गणपती होऊन जाऊ देत. शिवाय 'छाती न चिरता, नळीने आत नेऊन भोकावर बटण बसवतात म्हणे, ते का नको?' मर्मर (भोकातून रक्त जाताना छातीत ऐकू येणारा आवाज) गेल्या वेळेपेक्षा मंद लागली, त्यामुळे आजोबांच्या मते भोक बुजत आलंय. काय सांगू?

बालहृदय_सिस्टर
आधी आजोबांची समजूत काढा, कारण घोटाळा तिथेच आहे. भोक लहान असलं की दोन्ही कप्प्यांच्या दाबात मोठा फरक असतो, रक्त फवाऱ्यासारखं जातं, मर्मर खणखणीत लागते आणि ग्रेडियंट ५०-६०च्या पुढे असतो. १८ म्हणजे उजव्या कप्प्याचा दाब डाव्याला गाठत आलाय. आवाज त्यामुळे मंदावलाय, भोक तेवढंच आहे.

१० किलोची वाट पाहण्यात अर्थ नाही. श्वास आणि हृदयाच्या धावपळीतच या बाळाच्या कॅलरी जळतात. भोक बंद झालं की वजन येतं, उलटं होत नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांना बजावून सांगाच. न शिवलेल्या मोठ्या व्हीएसडीत वर्षाच्या आसपास काही मुलं अचानक सुधारल्यासारखी वाटतात: घाम कमी, धाप कमी, वजनही थोडं चढतं. सगळे खूश. प्रत्यक्षात फुप्फुसाच्या वाहिन्या जाड होऊन अरुंद झालेल्या असतात, म्हणून जादा रक्त तिकडे जात नाही. हे पुढे गेलं की प्रवाह उलटतो, ओठ निळे पडतात आणि मग भोक बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणून दाब वाढलेल्या मोठ्या व्हीएसडीला ३ ते ६ महिन्यांत ऑपरेशन करतात, औषधांनी धाप आवरत नसेल तर त्याही आधी.

बटण या बाळाला नाही. एवढ्याशा रक्तवाहिनीतून त्या मापाची नळी नेणं अवघड, आणि या जागी महाधमनीची झडप व हृदयाची विद्युतवाहिनी अगदी कडेला असते. बटण तिथे दाबून बसलं तर हार्ट ब्लॉक होऊ शकतो, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेशच अडतो.

पंप_टेबल
ऑपरेशनचं थोडक्यात: छातीचं मधलं हाड उघडून महाधमनी आणि दोन्ही महाशिरांत नळ्या घालतात, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देऊन बाळ पंपावर (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) घेतात, हृदय थांबवतात. उजव्या कर्णिकेतून, ट्रायकस्पिड झडपेच्या आडून भोकावर पॅच शिवतात. पॅच डेक्रॉनचा, गोरटेक्सचा किंवा बाळाच्याच हृदयावरणाचा. भोकाच्या खालच्या-मागच्या कडेने विद्युतवाहिनी जाते, तिथे टाके कडेपासून दूर आणि वरवर घ्यावे लागतात. टाका खोल गेला की ब्लॉक. म्हणून पेसिंगच्या (बाहेरून ठोके देण्याच्या) तात्पुरत्या तारा ठेवतात. साधारण ७ ते १० दिवसांत ताल परतला नाही तर कायमचा पेसमेकर. पंपावरून उतरल्यावर इको करून गळती बघतात. २ मिमीच्या आतली सहसा तशीच सोडतात.

रक्ताचं आधी बघा. ४.२ किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे ३४० मिली, आणि पंपाच्या नळ्या भरायलाच बऱ्याचदा २५०-३०० मिली लागतं. नुसत्या सलाइनने भरलं तर बाळाचं रक्त निम्म्यावर पातळ होईल. रक्तदाते किती आणि कोणत्या दिवशी हवेत, ते निघण्याआधी फोनवर विचारा.

उपकेंद्र_राजापूर
पटलं. तारखेपर्यंत घरी काय सांभाळायचं?

बालहृदय_सिस्टर
एका वेळचं पाजणं २०-३० मिनिटांत आटपा. उरलेलं काढलेलं दूध बोंडल्याने द्या, डोकं उंच ठेवून. बोंडलं दर वेळी उकळून. दिवसाला किलोमागे १२०-१५० कॅलरी लागतात आणि आईच्या १०० मिली दुधात असतात ६७ च्या आसपास, म्हणून डॉक्टर कधी फोर्टिफायर (दुधात मिसळायची पोषक पूड) किंवा तेल घालायला सांगतात. खोबरेल घरचंच आहे म्हणून मनाने ओतू नका, ठसक्यातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. फ्रुसेमाइड सिरिंजने मोजा, चमच्याने नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन.

गणपतीचं म्हणाल, तर चाकरमानी आले की सर्दी-खोकला घरात आलाच. छातीत कफ झाला तर ऑपरेशन ४ ते ६ आठवडे पुढे जातं. खोकणाऱ्याच्या हातात बाळ द्यायचं नाही, मग मामा रुसला तरी चालेल.

तळकोकणी
कागद: आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) संदर्भचिठ्ठी, रेशनकार्ड, आई-बाबांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला. दाखला ग्रामपंचायतीतून आजच काढून घ्या, अडतं ते तिथेच. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, मुंबईत तारीख लांबली तर तिथेही विचारा.

घरी आल्यावर ६ आठवडे काखेत धरून उचलायचं नाही; एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. पहिल्या महिना-दीड महिन्यात ताप, उलट्या किंवा पिणं कमी झालं तर पॅरासिटामॉलवर थांबू नका, हृदयाभोवती पाणी साचलंय का याचा इको लागतो. आणि रक्त चढलेलं असल्याने ९ महिन्यांची गोवर-रुबेला लस कधी द्यायची ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बाकी लसी कधीपासून चालू करायच्या तेही तिथेच विचारा.