नवी वाणं काढण्यावरचा खर्च परवडतो का?

शेतकरी, सेलू
आमच्या गावच्या बैठकीत सूर निघाला की परभणीच्या कृषी विद्यापीठानं तुरीच्या नव्या वाणांवर पैसा घालण्यापेक्षा तो फवारणीच्या औषधांच्या अनुदानाला द्यावा. मला हे साफ चुकीचं वाटतं. तुरीला मर रोग लागला की ऐन फुलोऱ्यात उभं झाड वाळतं. खोड चिरून बघा, आत काळी रेघ दिसेल. बुरशी जमिनीत असते, तिथं फवारा काय करणार? विद्यापीठाच्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ ही वाणं दिली, मर आणि वांझ (झाडाला फुलं-शेंगाच न धरणारा रोग) दोन्हींना दाद न देणारी. संशोधनाचा खर्च एकदा झाला, झाडं मात्र दर हंगामाला वाचतात.

कृषी सेवा केंद्र, जिंतूर
दादा, मर थांबली, पण शेंगा पोखरणाऱ्या अळीचे फवारे सुटले का? बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी २००२ ला आली तेव्हाही खर्च वाचेल असंच म्हणत होते. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरलीच ना! अन् तूर भरपूर पिकली की काय होतं, २०१६-१७ ला बघितलंय. तेव्हा हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारात त्याच्याही खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नव्हता.

शेतकरी, सेलू
भाव पडला तरी हातात माल होता. वाळलेल्या झाडाला कोणता भाव? बीटीचं म्हणाल तर अळीला बीटी पचायला लागू नये म्हणून कडेनं लावायची, पाकिटातली १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी किती जणांनी लावली? वर वेचणी झाल्यावरही मार्चपर्यंत कपाशी उभी, म्हणजे फरदड ठेवायची, म्हणजे अळीला वर्षभर खाद्य. यात वाणाचा काय दोष?

शेतकरी महिला, गेवराई
भाऊ, तुमचं पटतं, पण जमीन बघून बोला. आमच्या हलक्या रानात ७३६ उशिरा येते, दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. तिथं ७११ बरी, लवकर निघते. दुसरं, तुरीत मधमाश्या एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात, शेजारी दुसरं वाण असलं की घरचं बी मिसळतं आणि मर परत दिसायला लागते. शुद्ध बी गावात मिळालं तरच फायदा पदरात पडेल. विद्यापीठाच्या १८ मेच्या मेळाव्याला बियाण्यासाठी परभणीला जायचं, तिथंही रांग. पैसा बीजोत्पादनाला द्या, गावच्या गटांना पुढचं बियाणं तयार करायला लागणारं शुद्ध पायाभूत बी द्या.

कृषी सेवा केंद्र, जिंतूर
ताई, बियाण्याचं शंभर टक्के मान्य. माझ्या दुकानात हीच वाणं मागतात, वेळेवर येत नाहीत. पण भावाचा प्रश्न सोडून वाणाचा नफा मोजू नका, एवढंच म्हणणं आहे.