अत्तराच्या वेष्टनावर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे कोणत्या आधारावर लिहिता येते?

गंधरेखा (प्रश्न)

नमस्कार. मी लहान प्रमाणावर अत्तरे तयार करते आणि आता ती युरोपीय संघ, चीन आणि अमेरिका या तीन बाजारांत पाठवण्याच्या तयारीत आहे. वेष्टनावर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्य आणि सोबत सशाचे छोटे चित्र छापावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी स्वतः अशी चाचणी कधी केली नाही आणि कोणाकडून करवूनही घेतली नाही.

वाक्य छापण्यापूर्वी खात्री करावी म्हणून मी सर्व पुरवठादारांना पत्र लिहिले. त्यांपैकी एकाचे उत्तर असे आले: ‘आमची कंपनी प्राण्यांवर चाचण्या करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तेथे मात्र अपवाद केला जातो.’ माझ्या मुख्य अत्तरात सुमारे चाळीस घटक आहेत आणि त्यांतले अकरा याच पुरवठादाराकडून येतात. कोणता कायदा, कोणत्या देशाचा आणि कोणत्या घटकासाठी, असे मी पुन्हा विचारले, तर तेच वाक्य जसेच्या तसे परत आले.

युरोपात या चाचण्यांवर पूर्ण बंदी आहे, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग हा ‘कायद्याने आवश्यक’ प्रकार नेमका कोठून येतो? आणि एकच बाटली तिन्ही बाजारांत विकायची असेल, तर ते वाक्य तिन्ही ठिकाणी खरे ठरेल का?

नियमवाचक

आपल्या पुरवठादाराने खोटे सांगितलेले नाही. अर्धे सांगितले आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी युरोपातले दोन कायदे शेजारी ठेवून वाचावे लागतात.

पहिला कायदा सौंदर्यप्रसाधनांचा. युरोपीय संघाने सप्टेंबर २००४ पासून तयार प्रसाधनाची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली आणि मार्च २००९ पासून घटकांच्या चाचणीसही. दीर्घकाळ वारंवार संपर्काने होणारी विषबाधा, प्रजननक्षमतेवरील परिणाम आणि शरीरात त्या द्रव्याचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांसाठी प्राण्यांवर चाचणी झालेला माल विकण्यावरची बंदी काही काळ शिथिल ठेवली होती. ११ मार्च २०१३ पासून तीही पूर्ण लागू झाली. यातला कळीचा शब्दप्रयोग असा आहे, की बंदी ‘या कायद्याच्या अटी पुऱ्या करण्यासाठी’ केलेल्या चाचणीवर आहे. तीच चाचणी दुसऱ्या एखाद्या कायद्याच्या अटीसाठी झाली असेल, तर ती या शब्दांच्या कक्षेबाहेर राहते.

तो दुसरा कायदा म्हणजे रसायनांच्या नोंदणीचा, ‘रीच’ या नावाने ओळखला जाणारा. अत्तरात वापरले जाणारे बहुतेक सुगंधी रेणू साबणात, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि फरशी पुसण्याच्या द्रवातही जातात. अशा बहुपयोगी द्रव्यासाठी, दुसरा मार्गच उरला नाही तर शेवटचा उपाय म्हणून, रीचखाली प्राण्यांवरील चाचणी मागता येते. जे द्रव्य केवळ प्रसाधनांत वापरले जाते, त्याच्याही बाबतीत ते कारखान्यात हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्न पुढे करून चाचणी मागितली गेली आहे. सिमराइझ या जर्मन कंपनीचे होमोसालेट आणि इथाइलहेक्झाइल सॅलिसिलेट ही दोन द्रव्ये उन्हापासून संरक्षण देणाऱ्या प्रसाधनांतली. त्यांच्यासाठी युरोपीय रसायन संस्थेने प्राण्यांवरील अभ्यास मागितले, कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला. बारा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या करून ही फट बुजवण्याची मागणी केली होती. तरीही दोन्ही कायदे आज शेजारी शेजारी उभे आहेत. मला हे मनापासून अयोग्य वाटते, कारण सामान्य ग्राहकाला २०१३ ची बंदी ठाऊक असते आणि तिच्याशेजारचे दार मात्र दिसत नाही.

आता आपल्या वाक्याविषयी. युरोपीय प्रसाधन कायद्याप्रमाणे असा दावा तेव्हाच करता येतो, जेव्हा उत्पादकाने आणि त्याच्या पुरवठादारांनी तयार माल, त्याचा नमुना किंवा त्यातला कोणताही घटक यांची प्राण्यांवर चाचणी केलेली नसते, करवून घेतलेली नसते, आणि नवी प्रसाधने विकसित करण्यासाठी इतरांनी प्राण्यांवर तपासलेले घटकही वापरलेले नसतात. शिवाय २०१३ च्याच आणखी एका नियमाप्रमाणे, कायद्याचे किमान पालन म्हणजे आपल्या मालाचा खास गुण आहे, असे भासवता येत नाही. म्हणजे आपले वाक्य तेथे दुहेरी अडचणीत येते: ते सिद्ध करणे कठीण, आणि सिद्ध झालेच तरी ते वैशिष्ट्य म्हणून मिरवणे वादग्रस्त.

पेशीशाळा

मी चाचणी-प्रयोगशाळेत काम करते. वर कायद्याची बाजू आली आहे. मी त्या शब्दांमागे प्रत्यक्षात काय घडते ते सांगते, कारण ‘चाचणी’ हा शब्द फार सहज उच्चारला जातो.

डोळ्याचा दाह तपासणारी ड्रेझ चाचणी १९४४ पासूनची आहे. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून तेथे ०.१ मिलीलीटर द्रव्य टाकतात आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी लाली, सूज आणि पारपटलाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) गढूळपणा यांना गुण देतात. गरज पडल्यास हे निरीक्षण २१ दिवसांपर्यंत चालते. हे एकदा नीट वाचलेला माणूस वेष्टनावरच्या वाक्याकडे पुन्हा हलक्या मनाने पाहत नाही.

आज त्वचेचा दाह तपासण्यासाठी आम्ही मानवी पेशींपासून वाढवलेल्या बाह्यत्वचेची चकती वापरतो. ती अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर द्रव्य लावायचे, धुऊन टाकायचे, ऊती काही काळ उबवायची आणि शेवटी एमटीटी नावाचे पिवळे द्रावण घालायचे. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. जिवंत पेशींचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याखाली उतरले, तर द्रव्य दाहक धरले जाते. पहिल्यांदा ही पद्धत शिकले तेव्हा त्या लहानशा चकतीवर जांभळा रंग चढताना पाहून मला फार समाधान वाटले होते, आणि ते अजूनही वाटते.

अत्तरांच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न दाहाचा नसून ॲलर्जीचा असतो. त्यासाठी पूर्वी गिनी पिग वापरत, नंतर उंदरांच्या कानावर द्रव्य लावून लसिका ग्रंथी तपासत. आता द्रव्य प्रथिनाला चिकटते का, त्वचेच्या पेशी धोक्याची खूण देतात का, आणि प्रतिकारपेशी जाग्या होतात का, अशा तीन निरनिराळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून निर्णय घेतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२१ मध्ये या एकत्रित पद्धतीला स्वतंत्र मार्गदर्शक सूत्र म्हणून मान्यता दिली. प्रजननक्षमता किंवा दीर्घकाळचे परिणाम यांसाठी मात्र इतका सरळ पर्याय अजून हाताशी नाही, आणि रीचची मागणी नेमकी तेथेच येते.

एक उदाहरण अत्तरवाल्यांना जवळचे आहे. दरीतल्या लिलीच्या फुलाचा सुगंध देणारे लिलियाल १ मार्च २०२२ पासून युरोपात प्रसाधनांत वापरण्यास बंद झाले. त्या निर्णयामागे नर उंदरांच्या प्रजननक्षमतेवर झालेल्या परिणामांचे अभ्यास होते. ज्यांनी लिलियाल काढून ‘अधिक सुरक्षित’ अत्तर बनवले, त्यांची सुरक्षाही त्या प्राण्यांवरच उभी आहे. म्हणून ‘कधीही नाही’ हा शब्द मी कोणत्याही सुगंधी द्रव्याबाबत वापरणार नाही.

सीमापार

चीनबद्दल जुनी माहिती अजून फिरते, म्हणून तारखांसह लिहितो. पूर्वी आयात केलेल्या सर्व प्रसाधनांना प्राण्यांवरील चाचणी सक्तीची होती. जून २०१४ च्या अखेरीस देशातच बनलेल्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली आणि १ मे २०२१ पासून आयात केलेल्या साध्या प्रसाधनांनाही ती मिळू लागली. अत्तर या साध्या वर्गात येते. केस रंगवणारी, त्वचा उजळवणारी आणि उन्हापासून संरक्षण देणारी प्रसाधने ‘विशेष’ वर्गात मोडतात आणि त्यांना ही सूट नाही.

सूट मिळण्यासाठी सुरक्षेचे मूल्यमापन पुरे असावे लागते आणि उत्पादनपद्धती चांगली असल्याचे उत्पादकाच्या देशातील सरकारी यंत्रणेचे प्रमाणपत्र असावे लागते. लहान उत्पादक बहुधा येथेच अडतो, कारण खासगी संस्थेचे प्रमाणपत्र त्याच्याकडे असते आणि सरकारी नसते. माल लहान मुलांसाठी असेल, किंवा त्यात देखरेखीच्या मुदतीत असलेला नवा घटक असेल, तर सूट लागू होत नाही. परदेशी संकेतस्थळावरून थेट ग्राहकाच्या घरी जाणारा माल निराळ्या मार्गाने जातो आणि त्याला ही पूर्वनोंदणी लागत नाही. पुष्कळ लहान उत्पादकांनी याच कारणाने तो मार्ग धरला.

अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर बंदी नाही. डिसेंबर २०२२ च्या प्रसाधन सुधारणा कायद्यात, चाचण्या टप्प्याटप्प्याने थांबाव्यात असे संसदेचे मत नोंदवले आहे, पण ते बंधनकारक नाही. कॅलिफोर्निया, नेवाडा आणि इलिनॉय यांच्या विक्रीबंद्या २०२० पासून आहेत. त्यांत परदेशी कायद्याने सक्तीच्या केलेल्या चाचणीला अपवाद आहे. ‘क्रूरतामुक्त’ या शब्दाची तेथे कायद्यात व्याख्याच नाही.

भारताने २०१४ मध्ये आधी चाचणी आणि मग तशा मालाची आयात, दोन्ही बंद केली. कॅनडाचा नियम मात्र आपण नक्की वाचावा. २२ डिसेंबर २०२३ पासून तेथे चाचणी तर बंद आहेच, शिवाय प्राण्यांवर चाचणी झालेली नाही असे सुचवणारा दावा पुराव्याशिवाय वेष्टनावर किंवा जाहिरातीत करता येत नाही.

गंधरेखा

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, मनापासून आभार. एक शंका उरते. पुरवठादाराने एखाद्या घटकाची चाचणी १९८५ मध्ये केली असेल आणि त्यानंतर कधीच नाही, तर त्या घटकाला काय म्हणायचे?

नियमवाचक

युरोपीय कायदा बंदीपूर्वीची माहिती सुरक्षेच्या मूल्यमापनात वापरू देतो. सशाच्या चित्राचे प्रमाणन देणाऱ्या स्वतंत्र कार्यक्रमांपैकी ‘लीपिंग बनी’चा पाया ठरलेल्या तारखेवर आहे: त्या तारखेनंतर तयार मालाची, घटकांची किंवा मिश्रणांची चाचणी झालेली नसावी आणि हे पुरवठादारांच्या लेखी हमीने दाखवावे लागते. मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते, कारण भूतकाळ पुसता येत नाही आणि तो पुसल्याचा आव आणणेही बरे नाही.

पुरवठादाराला ‘आपण चाचणी करता का?’ असे विचारू नका. अकरा घटकांची नावे आणि त्यांचे नोंदणी क्रमांक लिहून प्रत्येकापुढे विचारा: शेवटची चाचणी कोणत्या वर्षी झाली, कोणत्या कायद्यासाठी झाली, खर्च कोणी केला, आणि रीचखाली सध्या एखादी मागणी प्रलंबित आहे का. उत्तर लेखी आणि सहीनिशी घ्या.

गंधरेखा

अकरा घटकांचा तक्ता करून आज नवे पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत वेष्टनाच्या आराखड्यातून सशाचे चित्र काढून टाकले आहे आणि त्या जागी एवढेच ठेवले आहे: ‘या अत्तराची आम्ही प्राण्यांवर चाचणी केलेली नाही आणि करवून घेतलेली नाही.’ घटकांविषयीचे वाक्य तक्ता भरून आल्यावर लिहीन. हे छोटे वाक्यसुद्धा युरोपसाठीच्या वेष्टनावर ठेवावे की नाही, हे तेथील ‘जबाबदार व्यक्ती’ला, म्हणजे कायद्याप्रमाणे मालाची जबाबदारी घेणाऱ्याला, विचारूनच ठरवणार आहे.