बारावीनंतर कॉम्प्युटर, एआय की डिझाईन? मूळ बीड, बारावी लातूरला

बीडचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. दहावी बीडला झाली, अकरावीपासून लातूरला आहे. आता बारावीत गेली. गट पीसीएम. गणित चांगलं, चित्रकला फारच चांगली. ओबीसी प्रवर्ग, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. घरात तीन मतं आहेत. बापाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय, क्लासवाले एआय-डेटा सायन्स घ्या म्हणून सांगायलेत, आणि पोरीच्या मनात डिझाईन आहे. सीईटी बिघडली तर बीसीए हा चौथा पर्याय. घराजवळ म्हणून छत्रपती संभाजीनगरचं कॉलेज मिळालं तर बरं. या शाखांत खरा फरक काय आणि आतापासून काय करून ठेवायचं, हे नीट सांगा. "आवड असेल ते घ्या" एवढंच नको.

कॅप_राऊंड

मामा, पहिली गोष्ट होम युनिव्हर्सिटीची, कारण बीडमधून लातूरला शिकायला गेलेल्या लेकरांच्या घरी ती फॉर्म भरायच्या दिवशीच कळते. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून पास झाली यावर ठरते. मूळ गाव किंवा आधारवरचा पत्ता इथे चालत नाही. बीड, जालना, धाराशिव, संभाजीनगर हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. म्हणजे तुमची भाची कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, हिशोबाने नांदेड विद्यापीठाची. होम युनिव्हर्सिटी लागू असलेल्या कॉलेजात 70 टक्के जागा होमवाल्यांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. संभाजीनगरच्या अशा कॉलेजात ती 30 टक्क्यांत मोजली जाईल, नांदेड-लातूरकडे 70 टक्क्यांत.

आता मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना कोड वाचायला शिका. "जीओपनएच" म्हणजे सर्वसाधारण, ओपन, होम. शेवटी "ओ" असेल तर होमबाहेरचे, "एस" असेल तर राज्यस्तर. सुरुवातीला "एल" म्हणजे मुलींच्या आरक्षित जागा. तिच्यासाठी संभाजीनगरच्या कॉलेजात "एलओबीसीओ" आणि "जीओबीसीओ" या ओळी बघायच्या, लातूर-नांदेडला त्याच ओळी "एच"च्या. जिथे "एस" छापलंय तिथे होम-बाहेर हा भेदच नाही. नुसता ओपनचा आकडा बघून "मिळत नाही" किंवा "नक्की मिळतं" म्हणणारे इथेच फसतात. शिवाय तो आकडा पर्सेंटाइल असतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरांत साधारण नव्वद जण तुमच्या बरोबर किंवा मागे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं, पसंतीक्रम. 2025-26 च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तेच. त्यामुळे "मिळणारं कॉलेज वर टाकू, मग बघू" ही जुनी पद्धत आता अंगाशी येते. वरचे सहा पर्याय असे हवेत, की त्यातलं कुठलंही मिळालं तरी तिला खरंच जायचं आहे. वर लांबचे पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. संगणक क्रमाने खाली येत जातो. बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या पर्यायाची संधी, घेऊन पुढच्या फेरीत नवी जागा लागली की जुनी जागा जाते, हेही घरी आधीच सांगून ठेवा. नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते. तिच्या वर्षाची पुस्तिका आली की हा भाग पहिला वाचा.

तिसरं_सेमिस्टर

शाखेचं नाव बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या ते आठव्या सेमिस्टरचा तक्ता उतरवून घ्या. त्यात प्रत्येक विषयापुढे लेक्चर, ट्युटोरियल, प्रॅक्टिकल असे तीन रकाने असतात. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्सचे तीन तक्ते शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो.

डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क हे चार विषय तिन्हींत असायला हवेत, आणि चौघांनाही प्रॅक्टिकलचा रकाना भरलेला हवा. कॉम्प्युटरमध्ये याशिवाय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर सहसा सक्तीचे असतात. आयटीत त्यांच्या जागी वेब, सुरक्षा, क्लाउड असे विषय येतात. एआयच्या शाखेत संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा आणि मशीन लर्निंग वाढतात, आणि ती जागा बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संगणकरचनेतून कापलेली असते. कापणी किती झाली, ते तपासा. ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क एकाच विषयात कोंबलेले दिसले, किंवा मशीन लर्निंगच्या आधी संभाव्यतेचा स्वतंत्र विषयच नसला, तर तो अभ्यासक्रम नावापुरता आहे. पोरं तयार लायब्ररी चालवायला शिकतात, पण मॉडेल चुकीचं उत्तर का देतंय हे त्यांना शोधता येत नाही.

गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, विचार असेल तर कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर दोन्ही आहेत. 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर निघाला, त्यात ते नाहीत. संभाव्यता-संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्रा भरपूर आहे. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या जुन्या, प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजातलं कॉम्प्युटर किंवा आयटी हे नव्याने उघडलेल्या एआय शाखेपेक्षा चांगलं. अणुविद्युतचा म्हणजे ईअँडटीसीचाही पर्याय हाताशी ठेवा. नांदेडचं विष्णुपुरीतलं गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी 1981 चं, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. अशा ठिकाणी दुसरी-तिसरी पसंतीची शाखा मिळाली तरी ती सोडताना दहा वेळा विचार करा.

सीईटीचं गणित साधं आहे. पीसीएम 200 गुणांचं. भौतिक-रसायन मिळून 100 प्रश्न, 100 गुण, 90 मिनिटं. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, 90 मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अकरावीचा भाग साधारण 20 टक्के.

रेघ_आणि_कागद

मामा, डिझाईनबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारखा. इंजिनिअरिंगचे निर्णय जून-जुलैत होतात. डिझाईनचे फॉर्म बारावीच्या दिवाळीच्या आसपास भरायचे असतात आणि परीक्षा हिवाळ्यात होतात. सीईटीचा निकाल लागल्यावर "आता डिझाईन बघू" म्हणालात तर देशपातळीवरच्या मोठ्या संस्थांची दारं तोवर बंद झालेली असतात.

यूसीड ही डिझाईनच्या पदवीची (बी.डेस) प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, इंदूर, रुरकी या आयआयटी आणि जबलपूरची ट्रिपल आयटी-डीएम इथले बी.डेसचे प्रवेश तिच्यावर होतात. सगळ्या मिळून जागा तीनशेच्या आत. ती लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. पेपर 300 गुणांचा. भाग अ संगणकावर, दोन तास, 200 गुण. त्यात आकडा भरायचे 14 प्रश्न, चुकीला दंड नाही. एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरांचे 15, पूर्ण चुकलं तर एक गुण वजा. एका उत्तराचे 28, तिथे चुकलं की 0.71 वजा. भाग ब एक तास, हाताने: एक चित्र 50 गुणांचं आणि एक डिझाईनचा प्रश्न 50 गुणांचा. भाग अ मध्ये पात्र ठरलेल्यांचाच भाग ब तपासतात. नुसत्या चित्रावर भिस्त ठेवणारी मुलं म्हणून अडकतात. घन फिरवून कुठली बाजू दिसेल, ठोकळ्याला पृष्ठभाग किती, घडी उलगडली तर भोक कुठे येईल असे प्रश्न रोज सोडवावे लागतात. गणित चांगलं असलेल्या पोरीला हे जमतं.

चित्राचं सांगते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची शेडिंगची सवय इथे आडवी येते. आधी छटा आणि मग आकार असं केलं की चित्र बिघडलंच. आधी डोळ्याच्या पातळीची रेघ, मग एकबिंदू किंवा द्विबिंदू यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), मग माणसं. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा. सपाट जमिनीवर उभ्या सारख्या उंचीच्या माणसांची डोकी एकाच पातळीवर येतात, जर चित्र काढणाऱ्याचा डोळाही त्या उंचीवर असेल. गोल वस्तूंत सगळ्यांची चूक एकच असते. कळशी नजरेच्या खाली ठेवली असेल तर तिच्या काठाचं लंबवर्तुळ चपटं आणि तळाचं जास्त उघडं दिसायला हवं. मुलं तळ सरळ रेघेने संपवतात. फोटोवरून नक्कल नको, कारण तिथे कॅमेऱ्याने यथार्थदर्शन आधीच सोडवून दिलेलं असतं. एसटी स्टँड, रसवंती, आठवडी बाजार इथे वही घेऊन बसायचं आणि 15-20 मिनिटांत प्रसंग पूर्ण करायचा.

एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाईन संस्थेच्या) प्रवेशाला प्राथमिक आणि मुख्य अशा दोन पायऱ्या आहेत, मुख्य परीक्षेत साहित्य हातात देऊन वस्तू करायला लावतात. तार, पुठ्ठा, माती यांचा सराव हवा. निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची) परीक्षा वेगळी. राज्य सीईटी कक्षाचीही बी.डिझाईनसाठी स्वतंत्र सीईटी आहे, राज्यातल्या कॉलेजांसाठी तिचा फॉर्म भरून ठेवा.

बीडचा_मामा

ताई, दिवाळीची गोष्ट सांगितलीत हे फार बरं झालं, इथे कुणालाच माहीत नव्हतं. एक शंका. वाळूजच्या कंपन्यांत "डिझाईन इंजिनिअर" घेतात म्हणे. मग बी.डेस करून तिथे लागता येतं का, की त्यासाठी मेकॅनिकलच लागतं?

साचा_वाळूज

दादा, ती दोन वेगळी कामं आहेत. मिक्सरचं झाकण घ्या. ते एका हाताने उघडतं का, ओल्या हातातून निसटतं का, कसं दिसतं, हे बी.डेस झालेला ठरवतो. तेच झाकण साच्यातून रोज निघावं म्हणून डिझाईन इंजिनिअर बसतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास. उभ्या बाजूंना निदान एक अंश ड्राफ्ट म्हणजे उतार, नाहीतर भाग साच्यात अडकतो आणि इजेक्टर पिनचे वण उठतात. आतल्या रिबची (आधाराच्या पट्टीची) जाडी भिंतीच्या 50 ते 60 टक्के. जास्त केली तर तिथलं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आत ओढलं जातं आणि बाहेरच्या चकचकीत बाजूला खड्डा दिसतो. मग टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ड्रॉइंगवर ते दाखवायची जीडी अँड टी ही खुणांची पद्धत, आणि कॅटिया किंवा क्रिओ किंवा एनएक्स यांपैकी एक डिझाईनचं सॉफ्टवेअर. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या वाहनभागांच्या कारखान्यांत या दुसऱ्या कामाला माणसं लागतात, आणि तिथे मेकॅनिकलची पदवी, डिप्लोमा किंवा टूलरूमचं शिक्षण विचारतात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये दहावीनंतरचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे, तो या कामाचाच. बी.डेसचं काम जास्त करून पुणे, मुंबई, बेंगळुरूला. पोरीला घराजवळच राहायचं असेल तर हे आधी बोलून घ्या. ॲप आणि वेबसाइटच्या इंटरफेस डिझाईनचं काम मात्र कॉम्प्युटर करूनही धरता येतं.

सेतू_केंद्र

बीसीएचं मी सांगतो. 2024-25 पासून बीसीए, बीबीए, बीएमएस यांना राज्याची स्वतंत्र सीईटी लागते. एमएचटी-सीईटीचे गुण तिथे चालत नाहीत. पहिल्या वर्षी अनेकांनी ती दिलीच नव्हती आणि ऐनवेळी धावपळ झाली. म्हणून बीसीए चौथा पर्याय असला तरी तिचा फॉर्म आत्ताच यादीत लिहा. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला ती लागत नाही. पीसीएमवाल्या मुलीला माझ्या मते बी.एस्सी. जास्त सोयीची: पुढे दोन वर्षांची एमसीए करता येते, आणि बारावीला गणित असल्याने इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो.

आता फी. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना हे लागू नाही, फी विचारताना तिथेच गल्लत होते. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हा खर्च राहतोच. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज दरवर्षी करायचा, खातं आधारशी जोडलेलं हवं. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) पर्याय, म्हणजे शेवटी "टी" असलेला चॉइस कोड, तिला वेगळा फायदा देत नाही, आणि त्याचा कटऑफ सहसा चढाच असतो. आधी साधा कोड टाका.

कागदांत दोन गोष्टींना वेळ लागतो. जात वैधता: प्रस्ताव कॉलेजमार्फत आत्ताच, बारावीत असतानाच, जिल्हा पडताळणी समितीकडे जाऊ द्या. वडील किंवा सख्ख्या काकाची वैधता असेल तर तीही सोबत लावा. नावात, आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी त्रुटी निघते. शाळेच्या निर्गम उताऱ्यावरचं नाव प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त करा. नॉन-क्रीमीलेअर: प्रवेशाचं वर्ष जिथे संपतं त्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं हवं, म्हणून ते नवं आर्थिक वर्ष लागल्यावर तारीख पाहूनच घ्या. वेळेत दिलं नाही तर ओपनमध्ये मोजतात.

आणि यूसीड, एनआयडी, निफ्टला राज्याचा नमुना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघावं लागतं. तहसीलला अर्ज देतानाच "केंद्रासाठी" असं स्पष्ट सांगा, दोन्ही नमुने एकदमच मागून घ्या. दिवाळीत फॉर्म भरताना केंद्राचा कागद हातात हवा असेल तर ऑगस्टमध्ये अर्ज गेलेला बरा.