बडोद्यात मेकॅनिकलची इंटर्नशिप: पोर्टलवर काही मिळेना, मकरपुऱ्यात थेट कसं विचारायचं?

मांजलपूर_सहावंसेम:
नमस्कार. एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.ई. मेकॅनिकल, सहावं सेमिस्टर. परीक्षेनंतर सहा आठवड्यांची इंटर्नशिप हवी आहे. इंटर्नशाला आणि लिंक्डइनवर चाळीसेक अर्ज टाकले. शहर बडोदा निवडूनही निम्म्या जागा घरबसल्या मार्केटिंगच्या निघाल्या. मोठ्या कंपन्यांच्या एचआरला मेल केले, त्यांचं उत्तर नाही. मकरपुरा जीआयडीसी (सरकारी औद्योगिक वसाहत) घरापासून जवळ आहे, पण गेटवर जाऊन नेमकं काय बोलायचं ते सुचत नाही.
आणखी तीन गोष्टी. एक संस्था ‘प्रमाणपत्रासह इंटर्नशिप’साठी साडेचार हजार मागतेय, द्यावेत का? अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप एकच असते का? आणि ताई यंदा बी.कॉम. झाली, तिने कुठून सुरुवात करावी?

शॉपफ्लोअर_मकरपुरा:
पैसे देऊ नकोस. काम शिकवायला माणूस घेणारा कारखाना फी मागत नाही. तो क्लास आहे, आणि क्लासच करायचा असेल तर तो क्लास म्हणून निवड.

आता जीआयडीसीचं. पंधरा-वीस मशीनच्या युनिटला एचआर विभाग नसतो, म्हणून पोर्टलवर जागाही नसते. निर्णय शेठ किंवा प्रॉडक्शन मॅनेजर घेतो, आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा मुलगा माझ्या ऑपरेटरचा वेळ खाणार की माझं काही काम उरकणार? ‘सर, इंटर्नशिप मिळेल का’ या वाक्यात त्याचं उत्तर नाही. म्हणून तू काम मागू नकोस, काम सुचव.

अशा युनिटमध्ये नेहमी पडून राहणारी कामं ठरलेली आहेत. जुन्या पार्टची ड्रॉइंग कागदावर असतात, त्यावर पेन्सिलने बदललेली मापं असतात, आणि ती फक्त एका जुन्या फोरमनला वाचता येतात. रिजेक्शनचं रजिस्टर भरलं जातं, पण कोणी त्याची बेरीज करत नाही. गेजचं (मापं तपासायच्या साधनांचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी संपतंय ते ऑडिटच्या आदल्या दिवशी कळतं. यातलं एकच निवड आणि आकड्यात लिही: ‘सहा आठवड्यांत तुमच्या चालू पार्टपैकी १५ पार्टची टॉलरन्ससकट (मापात चालणाऱ्या सुटीसकट) ड्रॉइंग सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये करून देईन’, किंवा ‘मागच्या तीन महिन्यांच्या रिजेक्शनची कारणवार मांडणी करून देईन’. अर्ध्या पानात बसलं पाहिजे. खाली नाव, वर्ष, फोन आणि तारखा. सोबत एक पानी रेझ्युमे आणि तू स्वतः केलेल्या एका ड्रॉइंगची प्रिंट. ती प्रिंट रेझ्युमेपेक्षा जास्त वेळ पाहिली जाते, त्यामुळे तिच्यावर डेटम (मापं जिथून धरायची ती बाजू) आणि सरफेस फिनिश (पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते) दाखवलेलं असू दे.

युनिट शोधायला इंडियामार्टवर ‘सीएनसी टर्निंग’, ‘पंप पार्ट’, ‘फॅब्रिकेशन’ असे शब्द टाकून वडोदरा निवड. फोटोंवरून मशीन कोणत्या आहेत ते कळतं, त्याप्रमाणे अर्ध्या पानातला मजकूर बदल. एकच कागद तीस ठिकाणी वाटलास की तो वाटलेला आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. बारा युनिट निवड आणि बारा वेगळे कागद कर.

वेळ महत्त्वाची. शिफ्ट सुरू झाल्यावरचा पहिला तास नको, महिन्याचे शेवटचे चार दिवस नकोत (डिस्पॅच आणि बिलांची घाई असते), आणि मार्चचा शेवटचा आठवडा तर अजिबात नको. अकराच्या सुमारास जा. गेटवर ‘इंटर्नशिपसाठी आलोय’ म्हटलंस तर वॉचमन ‘जगा नथी’ म्हणून परत पाठवेल. त्याऐवजी नीट गुजरातीत ‘प्रॉडक्शनवाळा साहेबने ड्रॉइंगना काम माटे मळवुं छे’ म्हण. खोटं काही नाही त्यात, तू त्याच कामासाठी आलायस. साहेब नसतील तर कागद देऊन परत कधी भेटतील ते विचार आणि त्या वेळी खरंच जा. दुसऱ्या फेरीला आलेला मुलगा लक्षात राहतो.

ट्रेनिंगसेल_फतेगंज:
वरचं लहान युनिटसाठी चोख आहे. मोठ्या प्लांटचा रस्ता मात्र वेगळा असतो, आणि तिथे मेलला उत्तर न येण्याचं कारण बहुधा तुझा रेझ्युमे नसून पत्राचं स्वरूप आहे. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी हा खत कारखाना यांच्यासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग हा विषय ट्रेनिंग किंवा एलअँडडी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट) विभागाचा असतो, आणि तिथे कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं. भरतीच्या मेल आयडीवर विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

विभागातून बोनाफाइड आणि ट्रेनिंगचं शिफारसपत्र घे. त्यात रोल नंबर, सेमिस्टर, ‘पासून–पर्यंत’ तारखा, ट्रेनिंग अभ्यासक्रमाचा भाग आहे की ऐच्छिक, आणि कॉलेजकडच्या मार्गदर्शकाचं नाव पाहिजे. तारखांच्या जागी नुसतं ‘उन्हाळी सुट्टीत’ लिहिलं की पत्र परत येतं, कारण गेटपास तारखेवर निघतो. दोन प्रती ने आणि एकीवर आवक शिक्का घे. उन्हाळ्याच्या जागा जानेवारी-फेब्रुवारीत भरायला लागतात, एप्रिलमध्ये गेलास तर उरलेलं मिळेल. अर्ज एकाच ठिकाणी टाकून वाट पाहत बसू नकोस.

निवड झाल्यावर आधार, फोटो, कित्येक ठिकाणी अपघात विम्याची प्रत, केमिकल प्लांटमध्ये फिटनेसचं वैद्यकीय प्रमाणपत्र. सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन ठेव. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं, म्हणून हायड्रोकार्बनच्या भागात चालत नाही. मोबाइल गेटवर जमा होतो. त्यामुळे खिशात वही ठेव, आणि टिपणं रोज घरी येऊन लगेच उतरवून काढ.

मोठ्या प्लांटमध्ये एक तोटा आहे, तो माहीत असू दे: तिथे विद्यार्थी पाहतो जास्त आणि हाताळतो कमी. कंप्रेसर हाऊस बघायला मिळेल, स्पॅनर हातात येईलच असं नाही. नाव हवं की हात चालवायला हवेत हे आधी ठरव. सहाव्या सेमनंतर मी तरी लहान युनिट सुचवेन. टेस्टिंगची ओढ असेल तर मकरपुऱ्यातच एर्डा आहे, १९७४पासूनची विद्युत उपकरणांची संशोधन आणि चाचणी संस्था. तिथेही पत्र कॉलेजमार्फतच पाठव.

मांजलपूर_सहावंसेम:
खूप आभार दोघांचे. दादा, दोन शंका. सॉलिडवर्क्स येतं, पण कारखान्यात मोजमाप कधी केलेलं नाही. सांगितलेलं काम जमेल का? आणि स्टायपेंडचं विचारायचं की नाही?

शॉपफ्लोअर_मकरपुरा:
स्टायपेंडचं विचार, पण काम ठरल्यावर आणि सरळ: ‘येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं काही मिळेल का?’ सहा आठवड्यांच्या विद्यार्थी-ट्रेनिंगला लहान युनिटने पैसे द्यायचं बंधन नाही. पण जे ठरेल ते प्रमाणपत्राच्या गोष्टीसकट पहिल्याच दिवशी मेलवर लिहून घे. तूच लिही: ‘आज बोलल्याप्रमाणे...’ आणि त्यांच्याकडून फक्त ‘ओके’ येऊ दे.

मोजमाप जमेल, पण मुलं नेमकी कुठे अडकतात ते सांगतो. हातात पार्ट घेऊन व्हर्नियरने माप काढायचं आणि तेच ड्रॉइंगवर टाकायचं, ही पहिली चूक. ३० मिमी शाफ्टवर बेअरिंगची जागा एच६ (लहान h, शाफ्टच्या सुटीचा एक ठरलेला वर्ग) असेल तर सूट शून्य ते उणे १३ मायक्रॉन एवढीच असते. तुझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्याला ही सूट दिसणारच नाही. तिथे ०.००१ मिमीचा मायक्रोमीटर लागेल, आणि तो वापरण्याआधी स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) शून्य तपासून घ्यायचा. आणखी एक: मोजलेला पार्ट २९.९९२ भरला म्हणून ड्रॉइंगवर २९.९९२ लिहायचं नसतं. तो एका नगाचा आकडा झाला. डिझाइनचं माप ३० आणि फिट (दोन भाग एकमेकांत किती घट्ट-सैल बसतात) कोणता, हे जोडीचा पार्ट आणि बेअरिंगचा नंबर बघून ठरतं. निदान पाच नग मोज, जोडीचा पार्ट माग, आणि फोरमनला ‘हा भाग कशावर बसतो?’ विचार. तो प्रश्न विचारलास की तो स्वतःहून पुढचं सांगायला लागतो.

कोणता पार्ट आधी घ्यायचा तेही तूच ठरवू नकोस. ज्याचं ड्रॉइंग नसल्यामुळे महिन्यातून दोनदा गडबड होते, तो आधी.

रिजेक्शनचं काम मिळालं तर रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द सापडेल: ‘साइझ आउट’. त्यावरून काही निघत नाही. व्यास मोठा, व्यास लहान, लांबी, टेपर, टूलचा ओरखडा असे वेगळे रकाने करून दोन आठवडे ऑपरेटरबरोबर उभं राहून ते भरून घे, मगच आलेख काढ. व्यास शिफ्टच्या सुरुवातीला एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे सरकत असेल तर बहुधा मशीन तापण्याचा मामला आहे. हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) झीज. हे दोन वेगळे दिसले की तुझ्या रिपोर्टला वजन येतं. ऑपरेटरला मात्र पहिल्या दिवशीच सांग की या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं नाही. नाहीतर खराब नग रजिस्टरमध्ये येण्याआधीच स्क्रॅपच्या पेटीत जातील आणि तुझे आकडे खोटे ठरतील.

ड्रॉइंग कंपनीच्या कॉम्प्युटरवरच ठेव. ग्राहकाचा पार्ट असेल तर त्याचा फोटो लिंक्डइनवर टाकायचा नाही. कॉलेजच्या रिपोर्टसाठी कोणते आकडे वापरू ते लेखी विचार. पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव काढलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

ट्रेनिंगसेल_फतेगंज:
प्रमाणपत्राबद्दल एक भर घालतो. पाचव्या आठवड्यातच मसुदा तयार करून दाखव: लेटरहेड, नाव, रोल नंबर, दोन्ही तारखा, केलेल्या कामाचं एक वाक्य, सही, हुद्दा, शिक्का. लॉगबुकमधल्या आणि प्रमाणपत्रातल्या तारखा जुळल्या नाहीत तर कॉलेज ते स्वीकारत नाही, आणि शेवटच्या दिवशी सही करणारा माणूस नेमका टूरवर असतो.

नोंदणी_कारेलीबाग:
अप्रेंटिसशिप वेगळी. तिला १९६१चा अप्रेंटिसेस ॲक्ट लागू होतो, करार होतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये महिना धरले होते; सध्याचा आकडा पोर्टलवर बघ. तू अजून शिकतोयस, म्हणून एनएटीएस या केंद्र सरकारच्या योजनेतली पदवीधर अप्रेंटिसशिप तुझ्यासाठी बी.ई. झाल्यानंतरची. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणून तेव्हा मधल्या आकाराच्या कंपनीत जाऊन ‘तुमच्या अप्रेंटिसच्या जागा भरल्यात का?’ हा प्रश्न थेट विचारता येतो.

घोळ दोन ठिकाणी होतो. कंपनी कामावर घेते पण पोर्टलवर करार बनवत नाही. मग वर्षभर राबूनही सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. रुजू होताना करार पोर्टलवर दिसतोय का ते स्वतः लॉगिन करून बघायचं. दुसरा घोळ बँक खात्याचा. सरकारी वाटा खात्यात थेट यायचा असेल तर खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि मार्कशीट, आधार, पासबुक तिन्हीकडे नाव सारखं लागतं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी असा प्रकार सर्रास असतो. तो आत्ताच दुरुस्त करून घे.

आणि घाई करू नकोस. एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की एनएटीएसला पात्र राहत नाही. पास झाल्यावर आधी नोकरी आणि मग अप्रेंटिसशिप हा क्रम चालत नाही.

पैसे मागणाऱ्या संस्थेबद्दल: पत्रावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, नाव आणि पत्ता जुळतो का बघ. ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवायची शक्यता कमी.

लेखा_दांडियाबाजार:
ताईसाठी थोडक्यात. सीए करायचं असेल तर आर्टिकलशिपचे (सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे) वेगळे नियम आहेत, तो मार्ग तिने आधी ठरवावा. नसेल, तर सीएच्या किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात सहा महिने काम शिकणं सगळ्यात उपयोगी. रावपुरा-दांडिया बाजार भागात पायी फिरून दहा ऑफिसं होतील.

तारखा बघून जावं. जीएसटीची दोन मासिक रिटर्न असतात: विक्रीचं जीएसटीआर-१ सहसा ११ तारखेपर्यंत आणि कर भरायचं ३बी २० तारखेपर्यंत, म्हणून ८ ते ११ आणि १७ ते २० या दिवसांत कोणी मान वर करत नाही. जुलै आणि सप्टेंबरचा शेवट तसाच, एकात रिटर्न आणि दुसऱ्यात टॅक्स ऑडिट. पण सीझन सुरू होण्याआधी, मे-जूनमध्ये गेली तर माणसं हवीच असतात.

टॅली येतं एवढंच सांगू नये, ते सगळेच सांगतात. खरेदीची नोंद आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवून कोणती बिलं येत नाहीत ते एक्सेलमध्ये काढता येतं, हे सांगावं आणि तिथेच वीस नोंदींवर करून दाखवावं. त्यासाठी एक्सेलचं व्हीलुकअप हे सूत्र पुरतं, पण बिल नंबर जुळवताना मागचंपुढचं स्पेस आणि ‘००१२’ विरुद्ध ‘१२’ यांमुळे जोडी लागत नाही. आधी ट्रिम (जादा स्पेस काढायचं सूत्र) लावायचं, आणि नुसत्या बिल नंबरवर न जाता जीएसटी नंबर अधिक रक्कम अशीही एक जोडी तपासायची. हे जमणारी मुलगी कुठलंही ऑफिस पहिल्या आठवड्यातच कामाला लावतं.

मांजलपूर_सहावंसेम:
ताईला दाखवलं, ती आजच एक्सेल घेऊन बसली आहे. मी बारा युनिटची यादी करतोय. काका, शिफारसपत्रात तारखा आधी लागतात, पण युनिट तर अजून ठरलेलं नाही. मग पत्र कोणाच्या नावाने घ्यायचं?

ट्रेनिंगसेल_फतेगंज:
‘संबंधित अधिकारी’ या नावाने एक सर्वसाधारण पत्र घे आणि तारखा परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून सहा आठवडे अशा टाक. युनिट ठरलं की त्यांच्या नावाने दुसरं पत्र मिळतं, विभागात त्याला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या पत्राची मूळ प्रत कुठेही देऊ नकोस, झेरॉक्स दे.